चार मिनिटं

फ्रिज आणि भिंत यांच्यामधे दीड फूट जागा आहे,
तिथं आम्ही निळा स्टूल ठेवलाय.
यशोधरा चार वर्षांची, म्हणून चार मिनिटं.
वर्षाला एक मिनिट, हा हिशेब
बालवाडीच्या पालकसभेत कळला होता
आणि मी तो पगाराच्या स्लिपसारखा
घडी घालून घरी आणला होता.

आज तिनं धाकट्या मावसभावाच्या दंडाला चावा घेतला.
दातांचे सहा ठसे. मोजले मी.
मोजायची सवयच आहे.

अंबडला माझ्या टेबलाजवळ लाल पेटी असते.
दहा मायक्रॉननं चुकलेला पार्ट
काही न बोलता तिच्यात टाकायचा.
ठण्णकन आवाज होतो.
तिला बसवून मागं वळलो
तेव्हा तोच आवाज आला,
स्टूल प्लास्टिकचा असून.

माझ्या वडिलांकडं मिनिटं नव्हती.
टायरची ट्यूब कापून केलेला पट्टा होता, खिळ्याला टांगलेला,
आणि रात्री तेच उठून
पाठीला खोबरेल लावायचे, अंधारात.
म्हणून वाटायचं, चार मिनिटं म्हणजे केवढी प्रगती.
हात उचलायचा नाही. आवाज चढवायचा नाही.
फक्त तिच्याकडं बघायचं नाही.
हे ‘फक्त’ मला बरेच दिवस
फारच किरकोळ वाटत होतं.

करुणा द्वारकेच्या लॅबमधे रक्त घेते.
म्हणाली, सँपलसुद्धा आम्ही लगेच मशीनला लावत नाही,
आधी अर्धा तास थांबतो, गोठू देतो,
घाई केली की रिपोर्ट चुकतो.
मी म्हटलं, मग बरोबरच आहे की आपलं.
हो, पण ठेवतो रॅकमधे,
बाकीच्या नळ्यांच्या शेजारी.
एवढं बोलून तिनं भाकरी उलटली.

गेल्या रविवारी त्रिरश्मीच्या पायऱ्या चढून
लेण्यांत गेलो होतो.
विहारातल्या एका खोलीत, दगडी ओट्यावर
ती आडवी झाली, गाल लावला दगडाला,
पप्पा, इथं कोणी काय केलं होतं?
कोणी काही नाही केलं. भिक्खू बसायचे.
किती मिनिटं?
…
त्यांना कोणी बसवलं?
कोणीच नाही. स्वतःच यायचे.
ती उठली, चौकटीच्या दगडावरून हात फिरवला,
बाहेर गेली, आत आली,
बाहेर गेली, आत आली.
खाली हायवेवरून ट्रक चालले होते मुंबईकडं.

तर आज. मोबाइल वाजला, वेळ झाली.
चल, ऊठ, बाळाला सॉरी म्हण.
भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली,
अजून नाही झालं.
काय नाही झालं?
राग.

याचं उत्तर पालकसभेत कोणी दिलं नव्हतं.
सासूबाई आतून म्हणाल्या, एक ठेवून दे, उठेल.
ज्याचा दंड चावला तो
तिच्याच बाहुलीचे केस विंचरत होता, सगळं विसरून.

मी फ्रिज चार बोटं सरकवला
आणि गुडघे मोडून बसलो फरशीवर.
फ्रिजच्या मागून गरम हवा येते,
इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.
धुळीत एक वाटाणा, दुधाच्या पिशवीचा कोपरा,
आणि भिंतीवर, तिच्या खांद्याच्या उंचीला,
नखानं कोरलेल्या बारीक रेघा.
मोजल्या नाहीत.

ती बोलली नाही. मीही नाही.
पद्धत चांगली की वाईट, विचाराल तर
मला अजून सांगता येणार नाही.
किती वेळ बसलो तेही नाही,
मोबाइल ओट्यावर राहिला होता.
मग तिचं कोपर लागलं बरगडीत.
जरा सरक ना पप्पा,
माझा राग मावत नाहीये.